पाठीवरचं बिऱ्हाड

'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपल्याकडे जरा कीव करूनच वापरतात. इथे अमेरिकेत मात्र लोक असं बिऱ्हाड हौसेनं जोडतात. निवृत्त झाले की पिकअप ट्रकच्या मागे ट्रेलर लावायचा. आत पलंग, शेगडी, फ्रीज, संडास-बाथरूम सगळं. थंडी पडली की दक्षिणेला जायचं आणि वसंतात उत्तरेला घरी परतायचं. अशा मंडळींना इथे 'स्नोबर्ड' म्हणतात.

मिशिगनमधले आमचे शेजारी आजी-आजोबा त्यांतलेच. दोघंही सत्तरी ओलांडलेली. हिवाळा ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटच्या वाळवंटात काढतात आणि एप्रिलमध्ये फिनिक्स, फ्लॅगस्टाफ, ओक्लाहोमा सिटी, सेंट लुईस करत घरी येतात. सुमारे २,२०० मैल, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटर! दिवसाला अडीचशे मैलांच्या वर जायचं नाही आणि अंधाराच्या आत थांबायचं, हा त्यांचा नियम.

भारतात कोणाला हे सांगितलं की प्रश्न ठरलेला, "अरेरे, या वयात? मुलं बघत नाहीत का?" मला हा प्रश्नच पटत नाही.

इंजिनिअर असल्यामुळे माझं लक्ष आधी यंत्राकडे जातं. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या हुकवर यावा लागतो. सामान मागच्या बाजूला जास्त भरलं की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. तेव्हा घाबरून गाडीचा ब्रेक दाबणं धोक्याचं. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून फक्त ट्रेलरचे ब्रेक हातानं लावायचे असतात. फिनिक्सहून फ्लॅगस्टाफला जाताना रस्ता सुमारे ११०० फुटांवरून ७००० फुटांवर चढतो. पुढे टेक्सासच्या माळावर आडवा वारा झोडपतो. निघण्यापूर्वी आजी यादी वाचतात आणि आजोबा तपासतात: हूक, साखळ्या, दिवे, टायरमधली हवा. ट्रेलर मागे घेताना एक जण स्टिअरिंगवर आणि दुसरा मागे हात हलवत उभा. त्यावरून भांडणही रोजचंच! पण दोघांनाही दोन्ही कामं येतात.

आणखी एक गोष्ट, सांगायला जरा अवघड. ट्रेलरच्या संडासाची टाकी दर काही दिवसांनी रिकामी करावी लागते. त्यासाठी ठरलेल्या जागा असतात. हातमोजे घालायचे, जाड पाईप जोडायचा, झडप उघडायची, शेवटी पाईप धुवायचा. निवृत्त बँक मॅनेजर असो की सुतार, ज्याची टाकी त्यानंच रिकामी करायची. आपल्याकडे म्हातारपणीचं सुख म्हणजे 'कशाला हात लावावा लागत नाही'. पण हात कोणाचा तरी लागतच असतो. सुनेचा, मोलकरणीचा, सफाई कामगाराचा. तो आपण मोजत नाही, एवढंच.

इथे सगळं गोडगोड आहे असंही नाही. घर परवडत नाही म्हणून गाडीत राहणारे वृद्ध याच क्वार्टझसाइटला भेटतात. जेसिका ब्रूडर यांचं 'नोमॅडलँड' हे २०१७ सालचं पुस्तक अशाच लोकांवर आहे. शिवाय जोडीतलं एक गेलं किंवा नजर अधू झाली की हा प्रवास थांबतो. तेव्हा मुलं लागतातच. आमच्या शेजाऱ्यांची मुलंही वाटेत रोज संध्याकाळी फोन करून 'पोचलात का?' विचारतात. म्हणजे माया आटलेली नाही. ती आई-वडिलांना घरी बसवून ठेवत नाही, इतकंच.

आषाढीला पायी पंढरपूरला निघालेल्या सत्तरीच्या वारकऱ्याची आपण कीव करत नाही, त्याच्या पाया पडतो. त्याला मुलांनी टाकलं असं कोणी म्हणत नाही. मग या जोडप्यालाच 'अरेरे' का?

म्हातारपणी कोणाकडे राहायचं याची चर्चा आपल्या घरांत खूप होते. आपलं आपण किती वर्षं करू शकू, आणि नवरा-बायकोनं एकमेकांची कामं पन्नाशीतच शिकून का घेऊ नयेत, ही चर्चा फारशी होत नाही. ती सुरू व्हायला हवी. ट्रेलर नाही घेतला तरी चालेल!