अळणी भाताचा गुन्हा

मीठ न घालता भात शिजविणे हा धर्मद्रोह ठरू शकतो काय? गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या जाहीरनाम्यात तो ठरला. हिंदूंच्या रीतीने अळणी भात रांधावयाचा नाही, परसात तुळस ठेवावयाची नाही, पुरुषांनी धोतर नेसावयाचे नाही, स्त्रियांनी चोळी घालावयाची नाही! पोर्तुगीजांनी गोव्यातील देवळे पाडली हे सर्वश्रुत आहे. परंतु हे निर्बंध बाप्तिस्मा घेतलेल्यांवर होते, हे मात्र क्वचितच ध्यानात घेतले जाते.

नियमशास्त्राच्या पालनाने नव्हे, तर श्रद्धेने मनुष्य मुक्त होतो, हा संत पॉलचा सिद्धांत धर्मोपदेशक मोठ्या अभिमानाने सांगतात. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात सुंतेची सक्ती करू पाहणाऱ्यांवर पॉल अक्षरशः तुटून पडला आहे. अंत्युखियात यहुद्येतरांबरोबर जेवणारा पेत्र टीकेच्या भयाने त्यांच्यापासून दूर झाला, तेव्हा त्या ज्येष्ठ प्रेषितालाही पॉलने चारचौघांत खडसावले. (पंगतीचा प्रश्न तिथेही होताच!) ग्रीकाला ख्रिस्ती होण्यासाठी आधी यहुदी व्हावे लागत नाही, हे त्या वादाचे सार. मग गोमंतकीयाला ख्रिस्ती राहण्यासाठी पोर्तुगीज होणे का भाग पडावे? १६८४ च्या फर्मानाने तर तीन वर्षांत कोकणी टाकून पोर्तुगीज बोलावे, अशी आज्ञा झाली होती.

या चाली मूर्तिपूजेची चिन्हे होत्या, असा बचाव केला जातो. तो टिकत नाही. मदुराईत इटालियन जेझुइट रॉबर्ट डी नोबिलीच्या अनुयायांना जानवे, शेंडी, गंध ठेवण्यास, त्यांमागील ‘अंधश्रद्धा’ वगळून, खुद्द पोप पंधराव्या ग्रेगरीने १६२३ मध्ये संमती दिली होती. मदुराईत जानवे चालते आणि शतकानंतर गोव्यात अळणी भात चालत नाही, हा कोणता न्याय? यात श्रद्धेचा प्रश्न नव्हताच. पोर्तुगीज सत्तेला शेजाऱ्यापासून तुटलेली प्रजा हवी होती आणि धर्मपीठाने त्यासाठी आपला दंडुका उसना दिला.

१५६० मध्ये सुरू झालेले हे न्यायपीठ मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली त्याचा इतिहास इंग्रजीत ग्रंथरूपाने जगापुढे मांडला. मार्च २००० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी चर्चच्या गतपापांची जाहीर क्षमायाचना केली, ती ईश्वराजवळ. तीत गोव्याचे नाव नव्हते. तुळस उपटावी लागलेल्या त्या ख्रिस्ती घरांची आठवणही तेव्हा कोणाला झाली नाही.