जुन्या सोफ्याचा ताळेबंद

दिवाळी जवळ आली की घराघरांत आवराआवर सुरू होते आणि दिवाणखान्यातील सोफा एकाएकी सर्वांच्या डोळ्यांत खुपू लागतो. कापड विटलेले असते, बैठक मधोमध खचलेली असते, हाताची शिवण उसवलेली असते. नेमक्या त्याच दिवसांत 'जुना द्या, नवा न्या, पैसे हप्त्याने भरा' अशा जाहिराती झळकतात. हा मोह क्षणभर आवरावा आणि जुन्या सोफ्याला दुरुस्तीची एक संधी द्यावी, असे मला वाटते. कर्ज देणे हे ज्याचे कामच आहे, अशा बँक अधिकाऱ्याने असे लिहावे याचे कोणास नवल वाटेल. परंतु ग्राहकाने गरजेपुरतेच कर्ज घ्यावे आणि ते सुखाने फेडावे, यातच बँकेचेही हित असते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला घसारा ही संकल्पना आरंभीच शिकवली जाते. व्यवसायातील फर्निचरवर आयकराच्या हिशेबात दरवर्षी १० टक्के घसारा घटत्या मूल्यावर धरण्याची पद्धत आहे. त्या न्यायाने २०,००० रुपयांच्या सोफ्याचे दहा वर्षांनंतरचे पुस्तकी मूल्य सुमारे ७,००० रुपये राहते. प्रत्यक्षात मात्र सोफा ही एकसंध वस्तू नव्हे. लाकडी सांगाडा, त्यावरील पट्ट्या वा स्प्रिंगा, फोम आणि कापड अशा चार वस्तू त्यात एकत्र नांदतात आणि प्रत्येकीचे आयुष्य निराळे असते. कापड व फोम काही वर्षांत थकतात. सागवान वा शिसवाचा सांगाडा मात्र एखादी पिढी सहज पाहतो. कापड विटले म्हणून सांगाड्यासह सारेच मोडीत काढणे, हा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षकाला मान्य होणार नाही.

अर्थात प्रत्येक सोफा दुरुस्तीच्या योग्यतेचा असतो असे नाही. सोफ्याचा पुढील एक कोपरा वीतभर उचलून पाहावा. दुसऱ्या टोकाचा पुढील पायही लगोलग उचलला गेला, तर सांगाडा ताठ आहे असे समजावे. तो जमिनीलाच चिकटून राहिला, तर सांधे ढिले झाले आहेत. ढिले सांधे सुतार सरस व स्क्रू लावून पक्के करू शकतो. परंतु लाकडाला वाळवी लागली असेल, किंवा सांगाडा भुशापासून बनवलेल्या फळीचा असून ओलाव्याने फुगला असेल, तर त्यावर एक रुपयाही खर्च करू नये.

सांगाडा शाबूत असल्यास खर्चाची उतरंड आपल्या हाती असते. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे सैलसर खोळ किंवा नुसती चादर. सोलापुरी चादर नीट घडी घालून बैठकीवर व पाठीवर अंथरली, तरी दिवाणखान्याची कळा बदलते. दुसरी पायरी फोम बदलण्याची. फोम घेताना जाडीइतकीच घनताही विचारावी. बैठकीसाठी ४० घनतेचा आणि पाठीसाठी ३२ किंवा त्याहून कमी घनतेचा फोम साधारणपणे पुरेसा होतो. बैठकीत हलका फोम घातला तर तो लवकर खचतो आणि वाचवलेले पैसे दुप्पट होऊन जातात. तिसरी पायरी संपूर्ण कापड बदलण्याची. सोफ्याचे कापड बहुधा ५४ इंच पन्ह्याचे मिळते आणि तीन आसनी सोफ्याला आकारानुसार सात ते दहा मीटर लागते. चौकटीच्या वा मोठ्या फुलांच्या कापडाला नक्षी जुळवण्यासाठी अधिक लागते. म्हणून काटकसर करणाऱ्याने एकरंगी कापड निवडावे. सुती कापड शिवण्यापूर्वी भिजवून वाळवावे आणि खोळीला चेन लावून घ्यावी, म्हणजे ती काढून धुता येते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या वाचकांनी स्थानिक बाजाराचा लाभ अवश्य घ्यावा. हरयाणातील पानिपत, तामिळनाडूतील करूर, केरळातील कण्णूर ही गावे घरगुती सजावटीच्या कापडासाठी प्रसिद्ध आहेत. बदलीनिमित्त देशभर फिरणाऱ्या आम्हा बँक कर्मचाऱ्यांना तर दर मुक्कामी सोफ्याला नवे वस्त्र चढवण्याची आयतीच संधी असते!

आता हप्त्यांकडे वळू. समजा, नवा सोफा ६०,००० रुपयांचा आहे आणि १५ टक्के दराने दोन वर्षांचे कर्ज घेतले. मासिक हप्ता सुमारे २,९०९ रुपये होईल आणि व्याजापोटी ९,८०० रुपयांहून अधिक जातील. अनेक ठिकाणी निव्वळ या व्याजात जुन्या सोफ्याच्या फोमचे काम होऊन जाईल. 'बिनव्याजी हप्ता' या शब्दांनीही भुलू नये. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. ते व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा हुकलेल्या सवलतीत दडलेले असते. त्यापेक्षा दरमहा १,००० रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडले, तर वर्षअखेरीस १२,००० रुपये आणि वर व्याज हाती येते. तेवढ्यात होईल तेवढेच काम यंदा करावे, उरलेले पुढील वर्षी.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. दुरुस्तीवर खर्च केलेल्या पैशाचा मोठा वाटा आपल्याच गल्लीतील सुतार, शिंपी आणि सोफा कारागिराच्या हाती मजुरी म्हणून पडतो. लोकांनी दुरुस्ती करणे सोडले, तर हे कौशल्य पुढच्या पिढीकडे जाणार नाही. मग खरोखरच फेकून देण्यावाचून पर्याय उरणार नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतार व शिंपी यांचा समावेश आहे आणि त्यांना विनातारण, दोन टप्प्यांत मिळून ३ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज ५ टक्के व्याजाने मिळू शकते. आपल्या घरी काम करणाऱ्या कारागिराला ग्राहकांनी ही माहिती द्यावी आणि तो शाखेत आला, तर आम्ही कर्मचाऱ्यांनी त्याला खुर्ची देऊन बसवावे. सोफ्यासाठी घेतलेल्या कर्जापेक्षा शिलाई यंत्रासाठी दिलेले कर्ज मला केव्हाही अधिक समाधान देईल.

तेव्हा वाचकहो, यंदा दिवाळीपूर्वीची घाई टाळावी. त्या दिवसांत कारागीर कामात बुडालेले असतात. काम घाईचे होते आणि मजुरीही चढी पडते. तोवर चादरीवर भागवावे आणि सण उरकल्यावर निवांतपणे दोघा-तिघांकडून फोम, कापड व मजुरी यांचा वेगवेगळा अंदाज लिहून घ्यावा. सोफा बदलायचा की सांभाळायचा, याचा निर्णय तो कागद समोर ठेवूनच करावा.