घरातील वाद

घरात वाद होऊ नयेत, असे वडीलधारी मंडळी नेहमी सांगतात. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. वाद अवश्य व्हावेत. परंतु ते खरोखर वाद असावेत.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य ठरविण्यासाठी प्रमाणांच्या आधाराने चालतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी, प्रसंगी छलाचाही आश्रय करून चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष मुळीच न मांडता दुसऱ्याचे खंडन तेवढे करीत सुटते ती वितंडा. छलाचे उदाहरण वात्स्यायनाने भाष्यात मोठे मार्मिक दिले आहे. संस्कृतात 'नव' म्हणजे नवा आणि नऊही. कोणी एका मुलास नव्या कांबळ्यावरून 'नवकंबल' म्हणावे, आणि ऐकणाऱ्याने 'याच्यापाशी नऊ कांबळी आहेत कोठे?' असे विचारून त्यास खोटे पाडावे!

आपल्या घरांत असे घडत नाही काय? धाकटी सून म्हणते, "बाळ आता शाळेत जाऊ लागला, मी पुन्हा नोकरी धरीन म्हणते." लगेच उत्तर येते, "म्हणजे या घरात तुला काही कमी पडते तर!" ती उणिवेविषयी बोललीच नव्हती. बिचारी गप्प बसते, आणि मंडळी समजतात, प्रश्न मिटला. मिटते ते केवळ बोलणे. प्रश्न तसाच राहतो.

उपाय जुनाच आहे. आपले शास्त्रकार सिद्धांत सांगण्यापूर्वी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मांडीत. घरातही हाच नियम असावा. "तुझे म्हणणे असे ना?" असे विचारून ते आपल्या शब्दांत सांगावे, आणि होकार मिळाल्यावरच उत्तर द्यावे. बोलणाऱ्यानेही आपणांस काय हवे, का हवे आणि त्याचा भार इतरांवर किती पडेल, हे तिन्ही स्पष्ट सांगावे. वडीलधाऱ्यांनी शेवटी बोलावे. त्यांनी आरंभीच निकाल दिला की धाकट्यांस मान डोलविण्यावाचून दुसरे काही उरत नाही.

जल्प आणि वितंडा यांस गौतम सर्वस्वी टाकाऊ मानीत नाही. कोवळ्या अंकुरांभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसा सत्याच्या रक्षणासाठी त्यांचा उपयोग तो सांगतो. परंतु गुरु, शिष्य, सहाध्यायी अशा निर्मत्सर माणसांशी मात्र वादच करावा, असे त्याचे मत आहे. कुंपण शेताच्या कडेस हवे. माजघरात काटे पसरून कोणाचे रक्षण होणार?