पाण्यावरची सहल आणि पाच मिनिटे

सुट्टीत नांदेडची कुटुंबे विष्णुपुरी जलाशयाकडे, सहस्रकुंडाकडे वळतात. २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरच्या मुलांनी पोहणे शिकावे तरी कुठे? म्हणूनच होडी असो वा कयाक, मापाचे, पट्टे आवळलेले लाइफ जॅकेट प्रत्येकाला हवे, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही.

कुणी बुडत असल्यास उडी न मारता दोर किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नये. श्वास थांबला असल्यास लगेच तोंडाने श्वास व छातीवर दाब द्यावा; दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. प्राणवायूविना मेंदू चार-पाच मिनिटांतच निकामी होऊ लागतो. रुग्णवाहिका तेवढ्यात पोहोचत नाही. लसीइतकेच पोहणेही मुलांना वेळेवर मिळायला हवे.