बापाच्या नावाचा रकाना

काही वर्षांपूर्वीचा जून महिना. शाळेत प्रवेशाची गर्दी होती. जठारपेठेत चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई मुलीला घेऊन आली. फॉर्मवर 'वालिद का नाम' हा रकाना आला तशी ती थांबली. हळूच म्हणाली, "मास्टरसाब, निकाह नहीं हुआ था. क्या लिखूँ?" शेजारी बसलेल्या बुजुर्गांनी तोंड फिरवले. बाई फॉर्म तिथेच टाकून निघून गेली. मी बी.एड. झालेला शिक्षक, मीही तिला थांबवले नाही. त्याची शरम आजही वाटते.

बुजुर्गांचे म्हणणे आपल्या मोहल्ल्यात सर्रास ऐकू येते. निकाह नाही तर नसब नाही, नसब नाही तर बापाचा संबंध नाही. याचा फायदा कोणाला? पुरुष सेहरा बांधून दुसरीकडे मोकळा होतो आणि बोटे त्या लेकराकडे वळतात. गुनाह दोघांचा, सजा तिसऱ्याला! एकाचे ओझे दुसऱ्यावर टाकू नये, ही कुरआनचीच शिकवण ना?

शरीयतच्या नावाने बोलणाऱ्यांनी गोहर बेगम खटला वाचावा. मुंबईच्या या अविवाहित मुस्लिम आईची लहान मुलगी दुसऱ्या बाईच्या ताब्यात होती. मुंबई उच्च न्यायालयात तिला दाद मिळाली नाही. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलगी आईच्या हवाली करण्याचा हुकूम दिला. आधार मुस्लिम कायद्याचाच होता. बाप कोणीही असो, अशा मुलीचा ताबा आईचा! २०१५ साली याच न्यायालयाने आणखी सांगितले की, अविवाहित आईला बापाचे नाव उघड न करता पालकत्व मागता येते आणि तिच्या शपथपत्रावर बाळाचा जन्मदाखला मिळालाच पाहिजे.

मग बापाचे काय? त्याने हक्क जरूर मागावा, पण आधी जबाबदारी घ्यावी. लेकराच्या पोटगीला निकाहनामा लागत नाही. पूर्वीचे कलम १२५ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ हेच सांगते. ऐपत असलेल्या बापाने अनौरस लेकरालाही पोसले पाहिजे, मग धर्म कोणताही असो. नसब आणि विरासतीची चर्चा उलेमांनी खुशाल करावी. भाकरीवर वाद घालू नये.

'यामुळे बदचलनी वाढेल,' असे काही जण म्हणतील. झिना हराम आहे, यात वादच नाही. पण लेकराला उपाशी ठेवून तो थांबला का? उलट हिशेब द्यावा लागेल हे कळले, तर पुरुष दहा वेळा विचार करील.

ज्यांचे बाप माहीत नाहीत ते तुमचे दीनी भाऊ आहेत, असे सूरह अहजाब सांगते. मग आपली जमात त्यांना दारात का उभे करीत नाही? जुम्याच्या खुतब्यात एकदा तरी त्या पळून गेलेल्या बापाविषयी बोला. आम्ही शिक्षकांनीही रिकाम्या रकान्यापायी कोणाचे लेकरू परत पाठवू नये. मी पाठवले होते, म्हणून सांगतो.