हस्तकला शिकवा, जात शिकवू नका



एका शाळेत भरलेल्या ‘वारसा दिना’ची हकिगत एका पालकाने परवा आमच्या कानावर घातली. सहावीतील मुलांना लोककलांची ओळख व्हावी म्हणून शाळेने कुंभाराचे चाक, बुरुडाच्या कामट्या, विणकराचा माग आणि चांभाराची आरी-रापी अशी मांडणी केली होती. या गृहस्थांच्या मुलाला चाकावर मडके घडवावयाचे होते. बाईंनी त्याला आरी-रापीपुढे बसविले आणि मायेने म्हटले, “तुझ्या घरचेच काम आहे, तुला छान जमेल.” वडील कारकून आहेत, त्या घरात रापीला हात लागून दोन पिढ्या लोटल्या. मुलाने घरी येऊन एवढेच विचारले, “बाईंना कसे कळले?”

बाईंच्या मनात दुष्टावा नव्हता, हे आम्ही मान्य करतो. म्हणूनच हा प्रश्न एका बाईंपुरता नाही. आडनावावरून मुलाचे काम ओळखण्याची जी सवय समाजाच्या हाडीमासी भिनली आहे, तिचा हा प्रश्न आहे.

मुलांना हस्तकला शिकवूच नयेत, असे आमचे मत मुळीच नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली काम शिकण्याची सोय सुचविली आहे. ही कल्पना चांगली आहे. बाभळीची साल व हिरडा यांनी कातडे कसे कमावतात, त्यातील द्रव्यामुळे ते कुजावयाचे कसे थांबते, हे ज्याने पाहिले त्याने रसायनशास्त्राचा एक धडाच गिरविला. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ साली मिलान येथील प्रदर्शनात तिच्यासारखी पादत्राणे झळकली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचा अभिमान जागा झाला. पण ज्याने ती चपल पिढ्यान्‌पिढ्या घडविली, त्याला याच समाजाने उंबऱ्याबाहेर उभे केले होते. वस्तूचा गौरव आणि कर्त्याचा अवमान, हाही आपला वारसाच आहे. मुलांपासून तो लपविण्याचे कारण नाही.

याहून जुना आणि उजळ वारसाही आपल्यापाशी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने केले, असे तेथील शिलालेख सांगतो. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर कान्हदास या सोनाराचे नाव आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावरील कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी केले आणि तशी नोंद तेथेच कोरली. नाशिकच्या लेण्यात उषवदाताने दोन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणीकडे ठेव म्हणून दिले. दरमहा शेकडा एक दराने येणाऱ्या व्याजातून भिक्षूंच्या चीवरांची सोय व्हावयाची होती. म्हणजे त्या काळचा कारागीर आपल्या कामावर नाव कोरीत होता, आणि त्याच्या संघटनेची पत अशी की राजघराण्यातील माणसाने तिच्यापाशी ठेव ठेवावी. हा इतिहास किती शाळा शिकवितात?

धोका निराळ्याच ठिकाणी आहे. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. पेरियार रामस्वामी आदींनी ती कुलधंद्याची शाळा म्हणून धिक्कारली, आणि १९५४ साली कामराज यांच्या सरकारने ती रद्द केली. योजना गेली, तिच्यामागील विचार मात्र गेला नाही. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामास लावण्यावर सर्वसाधारण बंदी आली. पण शाळा सुटल्यावर व सुट्टीत कुटुंबाच्या धंद्यात, तो धोकादायक नसेल तर, मुलाने हातभार लावण्यास मोकळीक राहिली. कागदावर ही सवलत निरुपद्रवी दिसते. परंतु ज्या देशात कुटुंबाचा धंदा बहुधा जातीने ठरला, तेथे या सवलतीचा भार कोणाच्या मुलांवर पडणार, हे सांगण्यास वकील लागत नाही. डॉक्टरांचे पोर शाळेनंतर अभ्यास करील. टोपल्या विणणाऱ्याचे पोर टोपल्या विणील, आणि आपण त्याला परंपरेचे जतन म्हणू!

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगात जातीवरून कामे वाटून देणारे नियम घटनाबाह्य ठरविले. झाडू एका जातीच्या हाती आणि स्वयंपाक दुसऱ्या जातीच्या हाती, ही वाटणी समतेच्या हक्काशी विसंगत ठरली. जे शिक्षा भोगणाऱ्या कैद्याच्या बाबतीत निषिद्ध, ते निरागस विद्यार्थ्याच्या बाबतीत कौतुकास्पद कसे ठरेल? संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन हे घटनेच्या ५१-क कलमाने सर्व नागरिकांचे कर्तव्य मानले आहे. ते सर्वांचे आहे. म्हणून त्याचे ओझेही एकट्या कारागिराच्या मुलाने वाहावयाचे नाही.

यास्तव आमच्या मागण्या तीन. शाळेत प्रत्येक मुलाने प्रत्येक कला हाताळावी. कोणते काम कोणाला, हे आडनावाने नव्हे तर आवडीने किंवा चिठ्ठीने ठरावे. कारागिराला शाळेत बोलवावे ते शिक्षक म्हणून, मानधन देऊन, आणि मुलांनी त्याला गुरुजी म्हणावे. कौटुंबिक धंद्याची ती सवलत कायद्यातून काढून टाकावी. पहिल्या दोन गोष्टींना कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. आपल्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या प्रत्येक वाचकाने त्या पुढच्याच सभेत मांडाव्यात.

त्या पालकास आम्ही फिर्यादीऐवजी शाळेला पत्र लिहिण्याचा सल्ला दिला. पत्रात मागणी एकच आहे: पुढच्या वर्षी त्या मुलाला चाकावर बसू द्यावे, आणि आरी-रापीपुढे ज्याला बसावेसे वाटेल, त्या कोणाच्याही मुलास बसू द्यावे.