हिरव्या उद्योगाचं विणकाम खातं

हिरवा रंग डोंबिवलीला नवा नाही. जानेवारी २०१४ मध्ये इथं हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत आणि २३ मे २०२४ ला अमुदान कंपनीत स्फोट झाले, माणसं मेली. प्रत्येक वेळी पुढारी आले, चौकशीची भाषा झाली, आणि दुसऱ्या पाळीचा भोंगा वाजला.

आता सरकार, उद्योगपती आणि संस्थावाले म्हणतात, झालं ते झालं, यापुढचा उद्योग हिरवा. त्याला ‘हरित रोजगार’ असं गोंडस नाव आहे. उन्हापासून वीज, बॅटरीवरच्या गाड्या, कचऱ्यापासून खत, सांडपाण्याचं शुद्धीकरण. या उद्योगाला हात पाहिजेत म्हणून जागोजागी प्रशिक्षण निघालं आहे. वागळे इस्टेटच्या आयटीआयपासून अंबरनाथच्या आयटीआयपर्यंत आपली पोरं-पोरी विचारतात, हा कोर्स करू का?

माझं उत्तर: करा. जरूर करा. पण हा कोर्स तुम्हाला कुठल्या पायरीवर नेऊन सोडतो, ते आधी विचारा. कारण उद्योग बदलला म्हणून जात मरत नाही. ती नव्या उद्योगात आपल्या आधी जाते आणि कोणाची जागा कुठली ते ठरवून ठेवते.

मुंबईच्या कापडगिरण्या हा त्या काळचा नवा उद्योग होता. यंत्राला जात नसते असं समजून आपले आजे-पणजे कोकणातून, देशावरून तिथं गेले. त्यांना मिळालं रिंग खातं. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्याला बंदी. का? तर धोट्यातला धागा विणकऱ्याला तोंडानं ओढावा लागायचा. अस्पृश्याच्या ओठाचा धोटा सवर्णाच्या ओठाला कसा लावायचा! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे टाकला: सगळ्या खात्यांत कामाचा हक्क मागता का, बोला. कामगारांच्या एकीच्या गप्पा मारणाऱ्यांनी ही मागणी घेतली, पण नाइलाजानं.

रेल्वेत तेच. कल्याण तर जी.आय.पी. रेल्वेचं गाव. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचं तिथलं वाक्य आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्याच भाषणातला नोकऱ्यांचा हिशोब आपण विसरतो. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. साधा पोर्टरसुद्धा होत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरची कामं करून घेतो आणि त्याच्या घरात अस्पृश्य चालत नाही.

आता या हिरव्या उद्योगाची खाती मोजा. केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं आणि सीआयआय या उद्योगपतींच्या संघटनेनं मिळून २०१५ मध्ये हरित रोजगारांची कौशल्य परिषद काढली. तिनं कामांची यादी बनवली, प्रत्येक कामाची पातळी ठरवली. या यादीत सौर पॅनल बसवणारा आहे, छपरावरच्या सौर प्रकल्पाचा इंजिनीयर आहे, सौर उद्योजक आहे. त्याच यादीत कचरा वेचून वेगळा करणारा आहे, सांडपाणी प्रकल्पावरचा मदतनीस आहे, आणि ‘सफाई कर्मचारी’ही आहे. आज्यानं जे काम गावकीच्या हुकमानं केलं, ते नातवानं आता सर्टिफिकेट घेऊन करायचं! त्या दाखल्यानं आपल्या आया-बहिणींना पगार, हातमोजे, विमा मिळत असेल तर तो त्यांनी घ्यावाच. पण त्याला कोणी प्रगती म्हणू नये.

कारण आकडा उघडा आहे. केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्यांची मोजणी झाली. २०२४ मध्ये सुमारे ३८ हजार कामगारांची माहिती बाहेर आली, त्यात जवळजवळ ६९ टक्के अनुसूचित जातींचे. मे २०१९ मध्ये ठाण्याच्या ढोकाळीत एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रकल्पाची सफाई करताना तीन कामगार गुदमरून मेले. सांडपाणी शुद्धीकरण म्हणजे कागदावर हिरवंच काम. हातानं मैला काढण्यावरची बंदी आणखी कडक करणारा कायदा २०१३ चा आहे. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. मेल्यावरचा भाव वाढला. जिवंतपणी खाली उतरवणं थांबलं नाही.

आता वरची बाजू बघू, म्हणजे छप्पर. सौर पॅनलचा ‘सूर्यमित्र’ कोर्स २०१५ पासून आहे, ६०० तासांचा, म्हणजे तीनेक महिन्यांचा. आयटीआयचा वीजतंत्री दोन वर्षं शिकतो. आणि कायदा काय म्हणतो? वीजजोडणीचं काम परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदारामार्फत आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली झालं पाहिजे. म्हणजे पॅनल खांद्यावर घेऊन जिना चढणारा एक, आणि सही करून बिल लावणारा दुसरा. मधली भिंत आहे ती परवान्याची. हेच या उद्योगाचं विणकाम खातं.

मी स्वतः वीजतंत्री. एका कंत्राटदाराकडे घोडबंदर रोडच्या टॉवरांवर पॅनल बसवले आहेत. कमरेचा पट्टा मागितला तर म्हणाला, घाबरतोस तर घरी बस. पॅनलला तडा गेला तर पैसे आमच्या रोजातून. माझ्याबरोबरच्या तीन महिन्यांच्या कोर्सवाल्या पोराला कोणी सांगितलंच नव्हतं की पॅनलचं काम घरच्या बटणासारखं नसतं. ऊन आहे तोवर पॅनल वीज काढणारच. दहा पॅनल एका ओळीत जोडले की चारशे व्होल्टच्या आसपास डीसी करंट असतो. खाली मेन स्विच पाडला तरी छपरावरची तार जिवंतच. हे न शिकवता पोराला विसाव्या मजल्याच्या गच्चीवर पाठवायचं, याला प्रशिक्षण म्हणायचं की बळी?

आणि छप्पर तरी कोणाचं? फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं ‘सूर्यघर’ योजना काढली. एक कोटी घरांचं उद्दिष्ट, तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान. पण अनुदान ज्याचं छप्पर त्याला. आपल्या सिद्धार्थनगरांत, भीमनगरांत पत्रा आपला, जागा सरकारची, आणि डोक्यावर बिल्डरची नजर. अनुदान घरमालकाला, कंत्राट नोंदणी केलेल्या विक्रेत्याला, आणि आपल्याला हमाली. अशी ही वाटणी आहे.

काही शहाणे मित्र म्हणतील, मग सोडा हा सगळा भांडवलदारांचा खेळ. मला हे मान्य नाही. वीज ही आपल्याला परकी गोष्ट नाही. २५ ऑक्टोबर १९४३ ला व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूरमंत्री म्हणून बाबासाहेब विजेवरच बोलले होते. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाही आणि उद्योगाशिवाय गरिबीतून सुटका नाही, हा त्यांचा मुद्दा होता. त्या विजेवर आपल्या पोरांचा हात पाहिजे, आणि नुसता पुसायच्या फडक्यावर नको.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत, पण ठाम आहेत.

एक. दहावी झालेल्या पोरा-पोरींनी आधी आयटीआयचा पुरा कोर्स धरावा: वीजतंत्री, तारतंत्री. सरकारी आयटीआयत अनुसूचित जातींच्या १३ टक्के जागा आहेत, त्या रिकाम्या सोडू नका. तीन महिन्यांचा कोर्स त्याच्यावर चढवा, त्याच्या जागी नको.

दोन. शिकाऊ उमेदवारी हा कोणाचा उपकार नाही. १९६१ च्या कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्याच कायद्याचं कलम ३-अ अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखायला सांगतं. वागळे इस्टेट आणि डोंबिवली एमआयडीसीतल्या किती कंपन्या हे पाळतात? प्रत्येक शाखेनं माहिती अधिकारात अर्ज टाकावा. यादी आली की गेटवर जाऊ.

तीन. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली, दोन्ही शहरं केंद्राच्या ‘सौर शहर’ यादीत झळकली होती. आता महापालिकांच्या शाळा, दवाखाने, कचेऱ्यांच्या गच्च्यांवर जे पॅनल बसतील त्यांच्या टेंडरमध्ये आपल्या शिकलेल्या पोरांच्या सहकारी संस्थांसाठी वाटा पाहिजे. भांडवल नाही म्हणता? १९७८ पासून महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ कशासाठी आहे? त्यानं परवान्यासाठी, हत्यारांसाठी, पहिल्या कामाच्या अनामतीसाठी कर्ज द्यावं.

चार. मे २०२१ मध्ये आधारवाडीचं डंपिंग बंद झालं. चांगलं झालं. पण तिथं भंगार वेचून पोट भरणाऱ्या बायांचं काय झालं, हे विचारायला कोणी गेलं नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना मान्यता दिली. ती मान्यता ओळखपत्रात, वर्गीकरण शेडमध्ये आणि रोजच्या पगारात दिसली पाहिजे. आणि त्यांच्या पोरांना आयटीआयची वाट खुली पाहिजे.

सरकार हे देईल तेव्हा देईल. तोवर आपलं काम आपण करू. आपल्या विहारांत संध्याकाळी दिवे लागतात, जागा आहे, फळाही आहे. आठवड्यातून दोन रात्री परवान्याच्या परीक्षेचा वर्ग चालवू. वीजकायद्याचे नियम, अर्थिंग, लोडचा हिशोब, टेंडर भरायची पद्धत. ज्याला येतं त्यानं शिकवायचं, ज्याला येत नाही त्यानं लाजायचं नाही. पोरींनी तर यावंच. छप्पर बाईचं काम नाही असं म्हणणारा आणि विणकाम खातं अस्पृश्याचं नाही म्हणणारा एकाच जातीचे.

येत्या वर्षभरात आपल्या प्रत्येक वस्तीतून निदान एक परवानाधारक उभा राहिला पाहिजे. त्याच्या सहीखाली आपली पोरं कामाला लागतील, आणि त्यांच्या कमरेला पट्टा असेल. भाषणं पुष्कळ झाली. वर्गाला या.

जय भीम!